वस्तादांची सहा मिनिटं

१४ जुलै, सोमवार

— हात झटकला त्यांनी. नाडी मोजू दिली नाही.

"मनगट धरून काय बघतीस? मी काय मेलोय व्हय?"

तालमीतली पोरं हसली. मी उंबऱ्याबाहेर. बायकांनी आत यायचं नाही, आखाड्याची माती बाटते — अजूनही! म्हणून आमचं सगळं उंबऱ्यावर चालतं. ते आत, मी बाहेर, मध्ये माझं घड्याळ.

म्हटलं, वस्ताद, नाडी कळल्याशिवाय चालवता येणार नाही.

"मग नगं चालायला. तेवढंच बरं."

अंबूकाकींचं स्वयंपाकघर तालमीच्या मागच्या भिंतीला लागून. तिथून आवाज आला. "अवो, द्या की त्या पोरीच्या हातात हात! लगनात माझ्या हातात दिलासा तवा न्हाय लाजलासा!"

दिला. नाडी चांगली. जूनपेक्षा शांत.

पंचवीस तारीख जवळ आली. मी अजून शांत नाही.

१५ जुलै

कॉलेजच्या ऑफिसात पुन्हा. खिडकीतल्या माणसाने माझी पदविका उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

"कम्युनिटी कॉलेज म्हणजे? शिवणकाम, ब्युटी पार्लर — ते?"

व्यायाम प्रशिक्षण, म्हटलं. दोन वर्षं. शरीररचना, आहार, दुखापती—

"असू दे, असू दे. पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला एकच जागा हाय. आणि तुम्ही दोघं."

दुसरा सांगलीचा. जिन्यावर दिसला. नवे बूट. दोन दोन पायऱ्या सोडत उतरला. अशा वेळी माझा उजवा गुडघा आपण आहोत असं कळवतो.

निम्मे गुण नसरीन मॅडमच्या हातात. व्यायाम विज्ञान त्याच शिकवतात. त्यांची अट सरळ आहे: साठीच्या पुढचं एक माणूस घ्या, सहा आठवडे तयार करा. सहा मिनिटांत ते किती लांब चालतं ते जूनमध्ये त्यांच्यासमोर मोजलं; पंचवीसला पुन्हा त्यांच्यासमोर मोजायचं. माणूस बदलायचा नाही. सव्वीसला प्रवेश बंद.

माझं माणूस: वस्ताद गणपतराव. वय अडुसष्ट. गेल्या वर्षी छातीत स्टेंट. ऐकत कुणाचंही नाहीत.

१७ जुलै, गुरुवार

आण्णा कागलहून पाळी संपवून आले. बूट न काढताच म्हणाले, "एक तारखेपासनं ये म्हणालेत."

पंचतारांकित एमआयडीसीत, त्यांच्या शेजारच्या कारखान्यात. सुटे भाग तपासायचे. चांगला एका बाजूला, वाईट एका बाजूला.

"आण्णा, माझा प्रवेश—"

"दोन वर्सं झाली की शिकून. आता आनि परत? माणसाला चालवायला शिकायचं कॉलेज! माणूस वर्साचा झाला की आपलाआप चालतोय."

आई हसली. चांगलं बोलतात आण्णा. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मीही हसले असते.

मग हळू म्हणाले, "सायबाला शब्द दिलाय, क्रांते." रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

प्रवेश मिळाला तर एक तारखेला नाही म्हणेन. नाही मिळाला तर म्हणायला तोंड नाही. एवढं स्वच्छ आहे.

१८ जुलै

मी शिकवते त्या शाहूपुरीतल्या जिममध्ये एका बाईंनी विचारलं, बैठका मारल्या की माझ्या गुडघ्यात आवाज येतो, मारू का? नका मारू, म्हटलं. का? — म्हणाल्या. पदविकेत "का" नव्हतं. "किती" होतं.

२० जुलै, रविवार

लिहून टाकते.

तालमीत "बस" हा शब्द एकाच माणसाचा. वस्ताद मोजतात, बाकीचे बैठका मारतात. आकडा आधी कुणाला सांगत नाहीत. वस्ताद बस म्हणेपर्यंत थांबायचं नाही. घरात कुणी वारलं म्हणून निरोप आला तरी माणूस मारत राहतो, वस्तादांकडे बघतो, आणि त्यांनी बस म्हटल्यावर रडतो. हे मी पाहिलं आहे.

आम्हा मुलींना ते शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिकवायचे. तालमीत नाही, पण नियम तोच. मी सतरा वर्षांची. गुडघा दोन दिवस दुखत होता. सांगितलं नाही — सांगायचं नसतं. पण मी तिरकी बसत होते. त्यांनी पाहिलं. ते मोजत राहिले. आत काहीतरी फाटलं, त्याचा आवाज मला आला. समोर उभ्या माणसालाही आला असणार. त्यापुढे त्यांनी आणखी तीन आकडे म्हटले.

पाच वर्षं. एक शब्द नाही बोलले त्यावर. मीही नाही. मे महिन्यात मी माणूस शोधत होते, सगळे नाही म्हणत होते, तेव्हा रस्त्यात थांबवून म्हणाले, "म्हातारं माणूस पायजे म्हणं तुला. मी हाय की."

मी वीस बैठका सांगते. पाठ वळली की पन्नास. जन्मभर दुसऱ्याचं मोजलेल्या माणसाला थांबवायचं कसं, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

२१ जुलै

वस्ताद शाळेच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालले. जूनपेक्षा पूर्ण एक व्हरांडा जास्त! धाप नाही. "झालं एवढंच?" म्हणाले. मी घरी येऊन दोन वेळा जेवले.

२३ जुलै

झोप नाही. जेवण नाही. बूट वाळत नाहीत.

२४ जुलै, गुरुवार

उद्या काय करायचं नाही, ते उंबऱ्यावर उभं राहून सांगितलं. सकाळी मेहनत नाही. एक बैठकसुद्धा नाही.

"व्हय."

थंडाई नाही. दूध नाही. अर्धी भाकरी, चहा.

"व्हय."

नऊला रिक्षा येईल. तोवर नुसतं बसून राहायचं.

"व्हय म्हटलं की! कितींदा व्हय म्हणू? बोहल्यावर बी एवढ्यांदा म्हटलं न्हवतं."

काकी म्हणाल्या, मी बघते, तू झोप जा. काकींवर सोडून आले.

२५ जुलै, शुक्रवार

वस्ताद फेटा बांधून आले. पांढरा सदरा, इस्त्री. सगळं कॉलेज वळून बघत होतं. मी वाकले तेव्हा वास आला — तेल आणि ओली माती. तिथंच कळायला हवं होतं.

लांब व्हरांडा. दोन टोकांना दोन खुर्च्या. बोटाला ठोके दाखवणारं चिमट्यासारखं यंत्र. नसरीन मॅडमच्या हातात घड्याळ. सांगलीचा भिंतीला टेकून. त्याचं आधीच झालं होतं.

पहिली दोन मिनिटं — इतकं सुंदर चालणं! छाती वर, पाय सरळ पडतात, वळताना तोल नाही जात. मॅडमनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मग ओठ बदलले. रंग. यंत्रावरचा आकडा चढला, पडला, चढला. मी शेजारून चालत मनगट धरलं. ठोका, ठोका, काही नाही, ठोका. म्हटलं, वस्ताद, थांबा. ऐकलं नाही. वस्ताद, थांबा. समोर बघत चालत राहिले.

दोन मिनिटं उरली होती. सहा पुरी झाल्याशिवाय काहीच धरत नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

मी ओरडले — बस!

थांबले. जागच्या जागी, पाय जुळवून, हात मांड्यांवर. पोरं थांबतात तसे.

खुर्चीत बसवलं. मॅडमनी विचारलं, आज सकाळी काही केलंत का, काका?

"मग? कुस्तीला गार अंगानं जात्यात व्हय? पोरीची परीक्षा हाय. तीनशे मारल्या पहाटं."

"आणि खाल्लं काय?"

"थंडाई. बायकू म्हणाली, चांगल्या कामाला उपाशी कसं धाडू."



मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजचं धरता येत नाही. उद्या दहाला शेवटची संधी देते. एकला ऑफिस बंद. त्यांना आणायचं की नाही, ते तू ठरव. प्रशिक्षक तू आहेस."

वस्ताद उठले. फेटा नीट केला. माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाले, "मला बस म्हणालीस." आणि एकटे रिक्षात बसून गेले.

त्याच दिवशी, संध्याकाळी

दुपारभर तालमीचं दार आतून बंद. संध्याकाळी काकींनी कसंबसं कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "ठोका चुकतोय. ईसीजीची पट्टी काढल्याशिवाय मी चाला म्हणणार नाही. स्टेंट बसवलेल्या डॉक्टरांकडे जा. उद्या अकराला येतात." अकराला! मोठ्या दवाखान्यात आताच जाऊया म्हटलं तर वस्ताद उसळले. "दिवस मावळल्यावर नेत्यात त्येस्नी परत आणत न्हाईत. उद्या मी कॉलेजला येणार. न्यायला येऊ नगंस, माझा मी येतो."

"ठोका चुकतोय, वस्ताद."

"चुकू दे. तुजा गुडघा चुकत हुता तवा—"

चप्पल शोधायला लागले. पायातच होती.

काकी म्हणाल्या, "माझ्या हातची थंडाई. मला कायबी इचारू नगा दोघं."

सहा मिनिटं. नुसतं चालणं. आज मेहनत झाली म्हणून असेल. उद्या रिकाम्या अंगाने येतील, चालतील, संपेल. भाजी आणायला याहून लांब जातात. त्यांची इच्छा आहे. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त हवं आहे. मग मी कोण?

आणि तिथंच पडले तर?

चुकलेला ठोका केव्हा साधा आणि केव्हा नाही — मला माहीत नाही. नाही माहीत! हेच शिकायला जायचं होतं. ते शिकायला आत जायचं तर आधी हे माहीत हवं. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं. पलीकडे आण्णा झोपलेत. भिंतही माझी नाही.

२६ जुलै, शनिवार

साडेनऊला मॅडमना फोन केला. येत नाही, म्हटलं. "बरं," म्हणाल्या. मग पुन्हा "बरं."

वस्ताद फेटा बांधून दारात तयार. मी रिक्षावाल्याला दवाखाना सांगितला. वळणावर त्यांच्या लक्षात आलं.

"ही वाट कॉलेजची न्हवं."

नाही, म्हटलं. उतरून निघून जातील असं वाटलं. नाही गेले.

पट्टी काढली. डॉक्टरांनी दोन वेळा पाहिली. मग हसून पाठीवर थाप मारली. "काही नाही. असे चुकार ठोके पुष्कळांना पडतात. मेहनत जास्त झाली, झोप नाही झाली की पडतात. बेतानं करा, एवढंच."

मी विचारलं, आज सहा मिनिटं चालले असते तर?

"चालले असते की."

बाहेर बाकावर बसलो. समोर घड्याळ, एक वाजून गेलेला. वस्ताद फेटा सोडून मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना असं उघड्या डोक्याने कधी पाहिलं नव्हतं. केस अगदी थोडे.

"म्हंजे चाललो असतो मी."

हो.

"आणि जागा?"

सांगलीच्या मुलाला.



घरी आल्यावर आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडावरून कळलं असेल. आईला म्हणाले, एक तारखेला दोन डबे कर.

मी चुकले. पट्टी तसं म्हणते. काल व्हरांड्यात ओरडले नसते तर आज दुसऱ्या वर्षात असते. पन्हाळ्यावर जाऊन मोठ्याने रडावं, कुणी ऐकणार नाही असं वाटतं. पण शनिवार आहे, तिथं गर्दी असणार.

२७ जुलै, रविवार

गुरुवारी उंबऱ्यावर विसरलेलं घड्याळ आणायला सकाळी तालमीत गेले. उंबऱ्याबाहेर थांबले. आत पोरं बैठका मारत होती. आज वस्ताद मोजत नव्हते. पुढं उभं राहून, माझ्याकडे तोंड करून, त्यांच्याबरोबर मारत होते. मोजत कुणीच नव्हतं. वीस झाल्या. ते वर आले आणि उभे राहिले. पोरं गोंधळून निम्मी वर, निम्मी खाली.

माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हण की."

मी म्हटलं, बस.

सगळी तालीम थांबली.