समोरच्या दारात राहिलेली बशी

इंचॉन, ३ ऑक्टोबर १९९२

चि. तोकसुन हिस अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? मेहुण्यांचा खोकला थांबला का? तुझ्या सासूबाई जेवतात का? पिवळी कुत्री व्यायली का?

मी बरी आहे असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला? मला भीती वाटते गं. तेसिक नि सूनबाई सातला कामावर जातात, लोखंडी दार खाडकन लागतं, आणि मग दिवसभर मी एकटी. परवा न्हाणीघरात पाय घसरला. नळ हाताला लागला म्हणून वाचले. तेव्हापासून एकच येतं मनात, मी पडले तर कळणार कोणाला?

इथं राहायला आल्या आल्या रीतीप्रमाणे लाल चवळीचा थर देऊन तांदळाच्या वड्या वाफवल्या आणि आईच्या निळ्या काठाच्या बशांतून मजल्यावर पाचही दारांत दिल्या. रिकामी बशी परत करायची नाही, हे इथंही पाळतात. चार बशा आल्या, कुणाची संत्री, कुणाची मुळ्याची किमची. बायका मात्र दारातूनच वळल्या. समोरच्या कुमजाबाईंची बशी महिना झाला तरी आली नाही. माझ्यासारख्याच म्हाताऱ्या, एकट्या. माझी चाहूल लागली की दार लावून घेतात. वड्या आंबल्या होत्या का? तेसिक म्हणतो, शहरात असंच असतं. मी गावी परतावं म्हणते. माजघरात जागा ठेव.

तुझी ताई,
ओकबुन

सामचॉक, ९ ऑक्टोबर १९९२

ती. ताईस, सा. न. वि. वि.

गुडघा कुरकुरतो, खोकला आहे, सासूबाई माझ्यापेक्षा जास्त जेवतात. चार पिल्लं झाली.

माजघर तुझंच आहे. पण शेपटी धरून साप भिरकावणारी तू, एका दाराला घाबरलीस? आईची बशी टाकून आलीस तर घरात घेणार नाही. मागायची लाज वाटते तर काहीतरी रांधून घेऊन जा.

लोभ आहे, तो रागावूनही राहू दे.

तुझी,
तोकसुन

इंचॉन, २४ ऑक्टोबर १९९२

चि. तोकसुन हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तरी मी चार दिवस धीर गोळा करत होते. मंगळवारी पाहिलं, तर कुमजाबाईंच्या दारात दोन दिवसांचं दूध तसंच. बशी कसली नि काय, मी दोन्ही हातांनी दार बडवलं. आत काही नाही. पुन्हा बडवलं. मग कुणीतरी सरपटत आल्याचा आवाज.

त्यांचा पाय मुरगळला होता. दोन दिवस अंथरुणात, हाक मारायची तर कोणाला? बशी धुऊन, फडक्यात बांधून दाराशीच ठेवलेली. मान खाली घालून म्हणाल्या, "हात थरथरतात, ताई. रांधता येत नाही आता. रिकामी कशी देऊ? म्हणून तोंड चुकवत होते."

मी तिथंच दारातल्या चपलांमध्ये बसले नि रडले. मग त्यांना पेज करून भरवली.

काल बशी आली. लंगडत स्वतः घेऊन आल्या. बशीत त्यांच्या घराची किल्ली होती.

भीती गेली नाही गं. न्हाणीघरात अजून भिंत धरूनच जाते. पण माझीही किल्ली आता त्यांच्या खुंटीला आहे. माजघरात तू मिरच्या वाळत घाल.

पिल्लांचे डोळे उघडले का, लगेच कळव. कुमजाबाईही विचारतात.

तुझी ताई,
ओकबुन