आधी कोण पोहोचलं?

१३ मार्च
नाही! प्रबंधावर सही केलेली नाही. माझी शेवटची विद्यार्थिनी लिहिते की, बेडूकमाशाच्या नाकातून मेंदूकडे चेतातंतू आधी निघतात; त्यांना लपेटणाऱ्या ग्लिया पेशी मागाहून येतात. तीस वर्षांपूर्वी मी नेमकं उलट सिद्ध केलं आहे: ग्लिया पुढे जाऊन वाट आखतात, तंतू त्या वाटेने जातात. पाठ्यपुस्तकांत तेच छापलेलं आहे.
तिला म्हटलं, "एक तर तुझं रंगवणं चुकलं, नाहीतर पाहणं. तिसरी शक्यता नाही."
"आहे ना, मॅडम," म्हणाली.
मुदत शुक्रवारची.

१४ मार्च
घरी हे म्हणतात, "नाक ते मेंदू केसभर अंतर, आणि भांडण तीस वर्षांचं!" मी हसले नाही.

१५ मार्च
तिच्या स्लाइड्स स्वतः तपासल्या. एकाच पिल्लात दोन्ही रंग: तंतू हिरवे, ग्लिया लाल. सतरा पिल्लं. सतराही वेळा हिरवा पुढे. रंगवणं निर्दोष, हे मान्य केलंच पाहिजे.
तरी माझा युक्तिवाद अबाधित आहे. आमच्या काळी एका पिल्लात दोन्ही रंग चढत नसत, म्हणून दोन टाक्या — एकीतली पिल्लं ग्लियासाठी, दुसरीतली तंतूंसाठी. अंडी एकाच दिवसाची, तपासणीही एकाच दिवशी. वय समान; म्हणून तुलना वैध. खोट कुठे आहे, ते तिने दाखवावं.

१६ मार्च
खोट दाखवली टाक्या धुणाऱ्या मामांनी! बादली घेऊन जाता जाता म्हणाले, "बाई, खिडकीतल्यांना पाय आधी फुटणारच की. त्यांना ऊन मिळतं. कोपऱ्यातले बसतात कुडकुडत."
म्हणजे दिवस तेवढेच, पण उबेतलं पिल्लू वाढीत पुढे.
विद्यार्थिनीने वहीत डोकं खुपसलं होतं. खांदे मात्र हलत होते. मग मान वर करून तिने शांतपणे विचारलं, "तुमच्या दोन टाक्या कुठे होत्या, मॅडम?"
मी म्हटलं, "शोधनिबंधात नोंद नाही. नोंद नाही, तर दोषाचा पुरावाही नाही." तर्क पक्का आहे.

१७ मार्च, शुक्रवार
त्या वर्षीची रोजनिशी माळ्यावरून काढली. अक्षर माझंच —
"ग्लियाची टाकी खिडकीत, तंतूंची कोपऱ्यात. खिडकीतली पिल्लं फार भराभर वाढताहेत. कुणी विचारलं, तर पाहू."
तिने विचारलं. सही केली.