आवळून ठेवलेलं टेबल

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मागच्या खोलीचं दार उघडलं. हे गेल्यापासून पहिल्यांदाच. भुशाचा वास तसाच! नाकात शिरला आणि मी उंबऱ्यातच बसकण मारली. रडले म्हणजे काय, चांगलं भोकाड पसरलं. घरात कोणी नव्हतं म्हणून बरं.

यांच्या सुतारकामाच्या बाकावर माझं टेबल आहे. म्हणजे टेबलाचा नुसता वरचा भाग. प्लायच्या दोन मोठ्या फळ्या एकावर एक, आणि कडेनं सहा क्लॅम्प करकचून आवळलेले. माझ्या शिलाई मशीनसाठी. मशीन धडधडायला लागलं की जुनं टेबल खोलीभर फिरतं, म्हणून हे म्हणाले होते, "तुला दुहेरी फळीचं करून देतो. हत्ती शिवायला बसला तरी हलणार नाही!" हत्ती कोण, ते मी विचारलं नाही.

हात लावला नाही. डिंक लावून क्लॅम्प आवळले की यांचं एकच असायचं — "मी सांगेपर्यंत कोणी हात लावायचा नाही!" आता सांगणार कोण?

५ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, रविवारी येते. ती खोली आवरून टाकूया का?" म्हटलं, खबरदार!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहूनच टाकते. कोणाला सांगायची सोय नाही.

त्या दिवशी भांडण झालं ते उशीच्या अभ्र्यावरून. माझा नवा कोरा अभ्रा यांनी टराटरा फाडला — डिंक पुसायला फडकी हवीत म्हणून! घरात जुनेर काय कमी होतं? मी तडकलेच. "तुमच्या डिंकाचं तुम्हीच बघा. मला हाक मारू नका!" चपला घातल्या आणि सरळ ताईचं घर गाठलं. हे दारात उभे, हातात अर्धा अभ्रा. "अगं, ऐक तर..." कुठलं ऐकते मी!

संध्याकाळी परत आले तर हे बाकाशेजारच्या खुर्चीत. मान एका बाजूला. वाटलं, डुलकी लागलीय. चहा टाकला, मग उठवायला गेले.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, तुम्ही घरात असतात तरी हाती काही नव्हतं. मानते मी. खरंच मानते. खुपतंय ते वेगळंच.

लग्न झाल्यापासून डिंकाचं एकही काम यांनी एकट्यानं केलेलं नाही. डिंक भराभर सुकतो. एक फळी मी माखायची, दुसरी यांनी, मग मी दाबून धरायचं आणि यांनी आवळायचं. "ये गं, चार हात लागतात!" अशी हाक आली की गॅस बंद करून मी पळायची. लेकीचा पाळणा तसाच झाला, पुस्तकांचं कपाट तसंच. आणि माझं टेबल तेवढं यांनी एकट्यानं चिकटवलं. हाक मारू नका म्हटलं, तर नाहीच मारली. ताईच्या घरी फोन होता की! एक फोन केला असता तर धावत आले असते.

म्हणजे राग गेलाच नव्हता. माझ्यावर रागावूनच गेले.

९ फेब्रुवारी, रविवार

लेक आली. तिला सगळं सांगितलं. "बाबा आणि राग? काहीतरीच तुझं, आई! बाबांचा राग चहा उकळेपर्यंत टिकायचा." तिला काय कळतंय! बापाची लाडकी. मग तीच माझ्या गळ्यात पडून रडली.

दुपारी मागच्या गल्लीतले सोफेवाले भावजी आले. यांचे दोस्त. सहापैकी चार क्लॅम्प त्यांचेच. टेबलापाशी बराच वेळ उभे राहिले, कडेवरून बोट फिरवलं. मी केवढ्यांदा ओरडले — "हात नका लावू!" दचकले बिचारे. "नाही वहिनी, असू दे. मला घाई नाही." काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं त्यांनी. पण नाही बोलले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खोली झाडली. नवलच! टेबलाच्या कडेला डिंकाचा एक थेंब नाही. एरवी हे आवळायला लागले की डिंक कडेनं बाहेर — बाकावर, सदऱ्यावर, एकदा तर भुवईवर. या खेपेला किती निगुतीनं पुसलाय! दोन्ही ब्रशसुद्धा स्वच्छ, वाटीत उभे करून ठेवलेले. मला दाखवायलाच जणू — बघ, तुझ्यावाचून कसं छान होतं!

बसा मग एकटेच. मीही बोलत नाही तुमच्याशी.

१३ फेब्रुवारी

बोलले. सकाळीच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुकानात सोफेवाल्यांची बायको भेटली. त्यांचं काम अडलंय. क्लॅम्प इकडून तिकडून मागून आणतात, पण "वहिनींना विचारायचं नाही" असं घरात बजावून ठेवलंय म्हणे. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तशीच त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "भावजी, उद्या या आणि घेऊन जा तुमचे क्लॅम्प."

"नक्की ना, वहिनी?"

"नक्की."

"मग तुम्ही समोर उभ्या राहा. त्याशिवाय मी नाही सोडणार."

घरी आले आणि बाकापाशी बसले. यांच्या हातानं आवळलेलं घरात एवढंच उरलंय. उद्या तेही सैल होणार. रागानं का आवळलेलं असेना, जोर तर यांचाच होता! तो राग पण मला हवाय. तोसुद्धा सोडवत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

उघडलं. शेवटचा क्लॅम्प सुटला आणि भावजींनी वरची फळी अलगद उचलली. आत कोरं! डिंकाचा ठिपका नाही.

"कड बघूनच ओळखलं होतं मी. बोलायचा धीर झाला नाही," भावजी म्हणाले. "ही नुसती जुळवणी, वहिनी. डिंकाआधी असं कोरडंच आवळून बघतात, नीट बसतंय ना म्हणून." बाकाखालून त्यांनी डिंकाचा डबा काढला. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. डब्यामागे अभ्र्याची फडकी होती, घडी घातलेली, कोरी.

वाटीतले ब्रश दोन. एक माझा.

खुर्चीत माझीच वाट बघत बसले होते!