हरण्याला वळसा

पाली, ता. बीड
१२ जानेवारी २०२५

चि. सायलीस,
आबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायचं म्हटलं की तुझी आजी स्पीकर लावते आणि अख्खी आळी ऐकते, म्हणून हे पत्र.

गावात इंटरनेटची तार टाकायला माणसं आलीत. त्यांची चुन्याची रेघ आपल्या मळ्यातून थेट बांधावरच्या कडुलिंबाखाली जाते. तिथं आपला हरण्या पुरलेला आहे. त्याच्यावर कुदळ पडू देणार नाही. पण बैलासाठी म्हटलं तर हसतील, म्हणून त्यांना नुसतंच जमीन देत नाही म्हणालो. गावाचं काम अडलंय आणि आजी रुसलीय. फोनमध्ये तू तोंड उघडं ठेवून थिजतेस, तिला तुझं धड हसूही दिसत नाही. नातीपरीस बैल लई मोठा हाय का, म्हणते.

तू नांदेडला हेच शिकतेस ना? मग सांग, नेट आभाळातून येतं, तर त्याला माझी जमीन कशाला लागते?

जेवणाची हयगय करू नकोस. माया आहेच, उत्तर पाठवून ती वाढव.

तुझे आबा,
सुंदरराव

नांदेड
१९ जानेवारी २०२५

ती. आबांस,
सायलीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग हरण्याच्या आठवणीनं रडले. नारायणगडाच्या जत्रेला मला पहिल्यांदा त्यानंच नेलं होतं.

आता शिकवणी, रागावू नका. नेट आभाळातून येतं ते फक्त टॉवरपासून फोनपर्यंत. बाकी बहुतेक प्रवास जमिनीखालून, परदेशी जायचं तर समुद्राच्या तळातून. केसाएवढी काचेची तार असते, तिच्यातून उजेड धावतो. माझा चेहरा त्यातून अखंड येत नाही. त्याचे हजारो तुकडे होतात, प्रत्येकावर तुमच्या फोनचा पत्ता आणि क्रमांक असतो. एक वाट बंद असली तर तुकडे दुसरीनं जातात आणि तुमच्याकडे येऊन क्रमानं जुळतात. आपल्या गावाची वाट अरुंद, तुकडे वेळेत पोचत नाहीत, म्हणून मी थिजते. एरवी मी तोंड मिटून असते.

म्हणजे नेटला सरळच जायचं असतं असं नाही, आबा. तारही वळवता येते. फक्त काटकोनात मोडायची नाही, नाहीतर उजेड सांडतो. तिथल्या साहेबांना खरं कारण सांगा. हसले तर मी येऊन बघते.

माझ्या वाटचा थोडा लोभ आजीला द्या, रुसवा लवकर निघेल.

आपली,
सायली

पाली
९ फेब्रुवारी २०२५

चि. सायलीस,
आबांचे आशीर्वाद, आजीचे जरा जास्तच.

साहेबांना खरं सांगितलं. रामहरी नाव त्यांचं. हसले न्हाईत. आमचाबी एक हिरीजवळ हाय, म्हणाले. मग वळसा कसा हवा ते हातानं दाखवलं. मी म्हटलं, हरण्या बांधावर गाडी वळवायचा, तसाच हा. कासरा हातात असल्यासारखा मी पुढं चाललो, मागून त्यांचा माणूस चुना टाकत आला. साहेब म्हणाले, चालतंय.

परवा तार सुरू झाली आणि काल तू दिसलीस. हसलीस, बोललीस, कुठं थिजली नाहीस. तुझं वाळलेलं तोंड बघून आजीनं मलाच फैलावर घेतलं. म्हणजे बोलायला तर लागली. लाडूंचा डबा पाठवलाय. तो अखंडच निघालाय, तुकडे मैत्रिणींनी केले तर मला विचारू नकोस.

सकाळी लिंबाखाली बसलो होतो. जमिनीखालून गावाचं सगळं बोलणं चाललं असेल, त्यात तुझं हसणंही. सगळं आमच्या हरण्याला वळसा घालून जातं. फार बरं वाटलं, पोरी.

वळसा पडला तरी चालेल, सुट्टीला इकडं येऊन जा.

तुझे आबा