हात वर जाईल का

माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच मला हे लिहायचा धीर होतो आहे. तुझ्याशी मी या भाषेत कधी बोललोही नाही. कळसाडीच्या आपल्या घरात ही शाळेची मराठी फक्त मला यायची, कारण मी मास्तर होतो, आणि त्याची मला केवढी घमेंड होती. तुझ्या छातीतली गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा बैलगाडीनं तापीपर्यंत, मग नावेतून पलीकडे, असं करत मी तुला नंदुरबारला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते पुण्याकडचे. तुझी अहिराणी त्यांना कळणार नाही, त्यांचं बोलणं तुला कळणार नाही, म्हणून मधे मी.

डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, कॅन्सर आहे. काखेपर्यंत सगळं कापून काढावं लागेल. काढलं तर काही वर्षं मिळतील, नाही तर गाठ फुटेल आणि जखम वाहत राहील. मी तुला एवढंच सांगितलं, "गाठ काढनी पडी." तू मरणाचं काहीच विचारलं नाहीस. उजव्या हातानं डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "डाक्टरले इचार, मन्हा हात वर जाई का?"

तू असं का विचारते आहेस ते मला पुरतं ठाऊक होतं. आजी लुळी पडली तेव्हा तिला भरवणं, धुणं, नेसवणं सहा वर्षं तू केलंस, आणि वर तिच्या शिव्याही खाल्ल्यास. "माले आसं पडी ऱ्हावानं नही," असं चुलीपुढे कितीदा म्हणायचीस. मी डॉक्टरांकडे वळलो आणि शुद्ध मराठीत विचारलं, "किती वर्षं जगेल?" ते म्हणाले, "दोन-तीन. कदाचित जास्त." मी तुझ्याकडे वळून म्हणालो, "जाई, माय. महिनामा जाई." तू मान हलवलीस आणि कागदावर अंगठा उठवलास.

हात वर गेला नाही. जखम भरली, पण हात सुजून दुधीभोपळ्यासारखा झाला आणि कमरेच्या वर उचलेना. तुझी सून तुला लुगडं नेसवते आहे आणि तू डोळे मिटून उभी आहेस, हे मला आजही दिसतं. डाव्या हातानं जेवावं लागतं याची लाज वाटून तू आमच्यात बसायचं सोडलंस, भिंतीकडे तोंड करून जेवायला लागलीस. एकदा मला विचारलंस, "डाक्टरनी त सांगेल व्हतं ना रे भाऊ?" मी म्हणालो, "डाक्टरबी चुकतस, माय." मावशीनं त्या भल्या माणसाला शिव्यांची लाखोली वाहिली, आणि मी भाकरी मोडत ऐकून घेतलं.

दोन वर्षांनी मानेत गाठ आली. मी परत गाडी जुंपली. दवाखान्याच्या दाराशी तू मला अडवलंस. "तू भाईरच बठ." दार उघडंच होतं. तू सुजलेला हात दुसऱ्या हातानं उचलून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलास. मग मानेच्या गाठीला बोट लावलंस, डावा हात डोक्यापर्यंत नेलास आणि त्यांच्याकडे नुसती बघत राहिलीस. हाही हात असाच निकामी होईल का? त्यांना सगळं कळलं. त्यांनी दोन्ही तळवे उलटे केले, सांगता येत नाही म्हणून. मधे कुणी लागलंच नाही. तू उठून बाहेर आलीस आणि म्हणालीस, "चाल, घर जाऊत."

पुढचे चार महिने फार वाईट गेले. शेवटी पाणीही गिळता येईना. मी पायाशी बसायचो, पण परत ऑपरेशनचं नाव काढायची माझी छाती झाली नाही.

तू गेल्यावर मी तुझ्या सुनेला सांगितलं की त्या दिवशी गडबडीत हाताचं विचारायचं राहून गेलं. ती बिचारी तेच खरं धरून बसली आणि तेच खरं धरून वारली. राहून गेलं नव्हतं, माय. मला तू हवी होतीस, कशीही चालली असतीस. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, आणि पाठवायचा म्हटला तरी कुठे पाठवू? पण एक सांगून टाकतो. त्या दिवशी मी विचारलं असतं आणि डॉक्टर "नाही" म्हणाले असते, तरी तुला मी "जाई" हेच सांगितलं असतं.