डावा हात खिशात

बाबा,

मला कामावर अचानक बोलावलंय, पाचपर्यंत येते. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.

ॲम्प्लिफायरला हात लावू नका. रागावलात तरी चालेल, पण मी येईपर्यंत त्याचं झाकण उघडायचं नाही. त्याची वायर मी पर्समध्ये घेऊन चाललेय, शोधत बसू नका. कॉम्प्युटरची वायरही ॲम्प्लिफायरला बसते, म्हणून तीही नेलीय. प्रिंटरचीसुद्धा. हसा खुशाल. वायर काढली तरी कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो, म्हणून तेही मी स्वतः रिकामे केलेत आणि मीटर लावून दोनदा शून्य बघितलंय. आतलं राहिलेलं सोल्डरिंग संध्याकाळी दोघं मिळून करू. तोवर खोक्यातले नवे काचेचे व्हॉल्व्ह पुसून ठेवा.

मी आठ वर्षांची असताना तुम्ही आईकडून माझ्या फ्रॉकला मुद्दाम खिसा शिवून घेतला होतात. चालू सेटजवळ बसायचं तर डावा हात खिशात, नाहीतर खोलीबाहेर. दोन्ही हात आत गेले की करंट छातीतून जातो, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

काल तुमचे दोन्ही हात आत होते. व्हॉल्व्ह पेटलेले होते आणि तुम्ही नुसते बघत होतात, हात कशाला घातले तेच आठवत नसल्यासारखे. हाक मारली असती तर दचकला असतात, म्हणून मी पाऊल न वाजवता दारातूनच मागे फिरले. मग तुम्ही "लाईट गेली वाटतं" म्हणत हात बाहेर काढलेत, आणि मीही हो म्हणाले.

लाईट गेली नव्हती, बाबा. मेन स्विच मी बंद केला होता.