जमिनीला टेकलेली बोटं

प्रिय भिंगरी,

पाकीट बघून दचकू नकोस. इथे सगळे ठीक आहेत. दुकान चालू आहे. स्वयंपाकघराचं छत गळत होतं, ते दुरुस्त करून घेतलं. तुझे भावोजी नव्या चपलांनी टाच सोलून घेऊन बसलेत आणि चपला चांगल्याच आहेत असं अजून म्हणताहेत. हाताशी फोन असताना ताई पत्र का लिहिते, हे तुझ्या मनात आलंच असेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी दोन वाक्यं जुळवते तोवर तू हसून तिसरीकडे गेलेली असतेस. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच. एकदम शेवटाला जाऊ नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे.

योगासनं चालू आहेत. सोफा भिंतीला लावून बैठकीच्या खोलीत जागा केली आहे. तरी चटई पसरली की पाय सोफ्याखाली जातात आणि डोकं टीव्हीच्या टेबलाला लागतं. व्हिडिओतल्या आपल्या बाई त्याच निळ्या चटईवर बसून त्याच गोड आवाजात सांगतात, घाई नाही, शरीर जिथे थांबेल तिथे थांबा. माझं शरीर गुडघ्यांच्या जरा खाली थांबतं. त्यापुढे बाई श्वास सोडायला सांगतात, मी सोडते, आणि काहीही होत नाही. तुझे भावोजी चहाचा कप घेऊन दारातून जाताना न चुकता विचारतात, 'काही पडलंय का तुझं?' पहिल्यांदा हसू आलं होतं.

रविवारी दोघींनी एकत्र करायचं, ही तुझी कल्पना. व्हिडिओ कॉल लावून तुझा फोन तुझ्याकडच्या खुर्चीवर, माझा माझ्याकडच्या, आणि दोन्हीकडे टीव्हीवर त्याच बाई. मला त्या तासाची आठवडाभर वाट असते, हे तुला ठाऊक आहे का? तू तिथून ओरडत असतेस. 'ताई, पोट आत! अगं गुडघे! दोरीवर टॉवेल वाळत घातल्यासारखी काय लोंबतेस!' आणि मग स्वतः खाली जातेस आणि टेबलावर कप ठेवावा तशी सहज बोटं जमिनीवर ठेवतेस. 'जमलं बघ.' तुला पहिल्यापासून सगळं जमत आलं आहे. बाबांनी तुला भिंगरी म्हटलं ते उगाच नाही. दुकानातल्या फिरत्या आरशाभोवती तू गरगरत राहायचीस आणि गिऱ्हाईक हातातली चष्म्याची फ्रेम विसरून तुझ्याकडे बघत बसायचं.

मी हे व्हिडिओ का सुरू केले ते तुला सांगितलेलं नाही. तू विचारलंस तेव्हा वजन म्हणाले. तुला ते लगेच पटलं, याचं थोडं वाईट वाटलं. खरं कारण ते स्टूल होतं.

दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या चाकासमोरचं बाबांचं लोखंडी स्टूल. आता काचा यंत्र कापतं, पण शेवटची कड मी अजून चाकावर हातानंच काढते, त्याच स्टुलावर बसून, बाबा वाकायचे तशीच वाकून. आईचं म्हणणं तुला आठवत असेल. 'या स्टुलानं माझा माणूस गिळला.' बाबांची पाठ स्टुलानं वाकली आणि डोळा काचेच्या भुकटीनं लाल झाला, हे आपल्या घरात सूर्य उगवतो इतकं ठरलेलं होतं. गल्लीतले डॉक्टरसुद्धा तेच म्हणायचे आणि डोळ्यात घालायला थेंब द्यायचे. डोळा लाल झाला की बाबांना उजेड सोसायचा नाही. मग चष्मेवाला दिवसभर काळा चष्मा लावून काचा घासायचा आणि शेजारचा शिंपी विचारायचा, 'काय शेठ, आज सिनेमात काम मिळालं वाटतं?' बाबाही हसायचे. हसताना छाती फारशी हलायची नाही. ते तेव्हा कुणी पाहिलं नाही.

तू घर सोडलंस तेव्हा बाबा वाकलेले होते, पण समोर बघू शकत होते. त्यापुढचं मी बघितलं. मान उरली नाही. कुणी हाक मारली तर अख्खे बाबा वळायचे, पायांपासून, कपाट फिरवावं तसे. गिऱ्हाइकाचा चेहरा दिसेना, म्हणून त्याला बसायला त्यांनी एक बुटकी चौकी करून घेतली. माणूस खाली बसला की त्याचे डोळे बाबांच्या डोळ्यांसमोर यायचे आणि चष्मा नाकावर नीट बसवता यायचा. पुढे चौकीही पुरेना. तेव्हा फ्रेम बघायचा हातातला आरसा ते टेबलावर उताणा ठेवायचे आणि दारातून कोण आलं ते त्यात बघायचे. लोकांना वाटायचं, बाबा नमस्कार करतात. लोक उलट नमस्कार करायचे.

मग दुकान माझ्याकडे आलं. आईनं मागे रेलायची खुर्ची आणली. 'आता स्टूल सुटलं, बघ कसे सरळ होतात.' आम्ही सगळे वाट बघत होतो. बाबा त्या खुर्चीत बसले आणि जास्तच आखडले. झोपले की डोकं गादीला टेकायचं नाही, हवेत राहायचं. आई आधी दोन उशा ठेवायची, मग तीन. एकदा ते मला म्हणाले, 'दुकानात होतो तेव्हा बरं होतं गं. हालचाल व्हायची.' मला वाटलं, गिऱ्हाइकांची आठवण येते. मी त्यांना रोज अर्धा तास दुकानात आणून बसवायला लागले. त्यांनी काय सांगितलं होतं ते मला आत्ता आत्ता कळलं.

काही महिन्यांपूर्वी एका फ्रेमच्या दांडीचा स्क्रू खाली पडला. मी स्टुलावरून नुकतीच उठून बाहेर आले होते; स्क्रू उचलून वर येताना पाठ अर्ध्यातच अडकली. समोर म्हातारं गिऱ्हाईक होतं, मी तशीच वाकलेली, आणि टेबलावर आरसा. भिंगरी, त्या आरशात मला ते गिऱ्हाईक दिसत होतं. बाबांना दिसायचं तसं. पाठ थोड्या वेळानं सुटली, पण ते दृश्य सुटलं नाही. त्या रात्रीपासून मी उशीला डोकं टेकलंय ना, हे झोपायच्या आधी हात लावून बघते. सकाळी दात घासताना मान डावीकडे वळवते, उजवीकडे वळवते. व्हिडिओ त्यासाठीच लावले. लवचिक व्हायचं वगैरे बाईंचं म्हणणं. मी रोज चटईवर उतरत होते ते कालच्याइतकं वाकता येतं की नाही एवढंच बघायला. बोटं गुडघ्यांच्या खालीच अडकली की दिवसभर काम सुचायचं नाही. एकदा एका बाईंना दुसऱ्याच कुणाचा चष्मा दिला. बाई तो लावून घरी गेल्यासुद्धा.

शेवटी सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेले. एकटीच. डॉक्टरीणबाई तुझ्याहून लहान असतील. त्यांनी माझ्या कमरेवर पेननं दोन ठिपके काढले, मधलं अंतर टेपनं मोजलं, आणि वाकायला सांगितलं. मी वाकले. त्यांनी परत मोजलं. मी डोळे मिटून घेतले होते. त्या म्हणाल्या, 'उत्तम.' मला वाटलं चेष्टा करताहेत. मी म्हटलं, 'अहो, माझी बोटं बघा कुठे आहेत.' तर म्हणाल्या, 'मी बोटं बघतच नाही. ठिपके किती लांब गेले ते बघते. तुमचा कणा छान वाकतोय. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेत, ते वयानं आणि बसून बसून. व्यायाम चालू ठेवा.' पुढे पाठीचा एक्स-रे काढला, रक्त तपासलं. काही निघालं नाही. मला काहीही झालेलं नाही.

निकाल ऐकून इतकं हलकं वाटलं की मी बडबडायला लागले. बाबांचं सगळं सांगितलं. स्टूल, चौकी, तीन उशा, नमस्कार. मला वाटलं, त्या हसतील. त्यांनी पेन खाली ठेवलं. 'त्यांचा डोळा कधी लाल व्हायचा का?' त्यांनी विचारलं. मी हे सांगितलंच नव्हतं. मग म्हणाल्या, 'सकाळी आखडायचे आणि हिंडलंफिरलं की मोकळे व्हायचे?' त्यांनी एका आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. त्यात मणके हळूहळू एकमेकांना जोडले जातात. स्टुलाचा त्याच्याशी संबंध नसतो. भुकटीचाही नाही. बाबांना न बघता खात्रीनं सांगता येणार नाही, पण सगळं त्याच वाटेनं जातं, असं म्हणाल्या. तो घराण्यातून येऊ शकतो. सगळ्या मुलांना येतोच असं नाही. आणि मग अगदी साध्या आवाजात, पत्ता विचारावा तसं त्यांनी विचारलं, 'भावंडं किती?'

मी म्हटलं, एक बहीण आहे. पण तिची काळजी नको. ती तर जमिनीला बोटं टेकवते.

त्या म्हणाल्या, 'कणा फळीसारखा ठेवूनही माणसं जमिनीला बोटं टेकवतात. खुब्यातून वाकतात. त्यांचं त्यांनाही कळत नाही.'

घरी आले आणि गेल्या रविवारच्या आपल्या कॉलचा तो व्हिडिओ काढला. माझी फजिती दाखवायला तू पाठवला होतास तो. पडद्याच्या एका अर्ध्यात मी, दुसऱ्यात तू, दोघी बाजूनं दिसतो. मी लोंबते आहे. टॉवेलच आहे मी, खरं आहे. पण माझी पाठ गोल आहे, मांजरीची असते तशी. तू सुंदर खाली जातेस, बोटं जमिनीला लागतात, आणि कमरेपासून खांद्यांपर्यंत तुझी पाठ सरळ आहे. टेबलासारखी सपाट. मी तिथेच थांबवून बघत बसले. तुझे भावोजी येऊन म्हणाले, 'वा, मेहुणी बघ, शिक जरा.' मला उठून आत जावं लागलं.

त्यानंतर तुझं एकेक बोलणं आठवायला लागलं. पहाटे पाठ दुखून जाग येते, मग घरातल्या घरात चालते आणि बरं वाटतं, हे तू म्हणाली होतीस. सकाळी तासभर लाकूड असते, व्हिडिओ लावला की सुटते, हेही तूच म्हणाली होतीस, बाईंचं कौतुक म्हणून. ऑफिसच्या डॉक्टरांनी खुर्ची बदलायला सांगितली आणि तू खुर्ची बदललीस. आपल्या घरात कायम खुर्चीच बदलतात. आणि गेल्या महिन्यात दोन रविवार तू काळा चष्मा लावून आली होतीस. डोळा लाल झालाय, दिवसभर कॉम्प्युटरवर नकाशे काढून उजेड सोसत नाही, असं म्हणालीस. मी हसून विचारलं होतं, सिनेमात काम मिळालं का. शेजारच्या शिंप्याचे शब्द माझ्या तोंडून आले आणि तरी मला काही सुचलं नाही.

माझं चुकतही असेल. चुकू दे. डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, एका व्हिडिओवरून काही ठरत नाही, पण तपासणी लांबवू नका. डोळा परत लाल झाला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. बाबांच्या वेळी काही नव्हतं, आता औषधं आहेत. लवकर कळलं तर पाठ वाचवता येते. व्यायाम बंद करू नकोस, तोच तुला मोकळं ठेवत असेल. मात्र येत्या रविवारी बाई हलासन घेणार आहेत आणि तू आठवडाभर त्याचंच बोलते आहेस. ते करू नकोस. पाय डोक्यामागे आणि सगळं ओझं मानेवर, हे तपासल्याशिवाय नाही, असं त्यांनी बजावलं आहे. आधी एकटीनं करून बघायचं म्हणूनही नाही. माझ्यासाठी एवढं थांब.

तुझ्या गावातल्या सांध्यांच्या डॉक्टरांकडे सोमवारची वेळ मी घेतली आहे, तुझ्या नावानं, तुला न विचारता. भांडायचं असेल तर समोरासमोर भांड, कारण मी शनिवारीच येते आहे. चटई आणते. रविवारी तुझ्याच घरात शेजारी शेजारी बसू, बाईंना हलासन करू दे, आपण श्वास घेऊ. हे पत्र माझ्याआधी पोचावं म्हणून आजच टाकते आहे, कारण एक गोष्ट तुला न सांगता मला तुझ्या दारात उभं राहता येणार नाही. बेल वाजली की तू दार उघडशील, आणि नेहमीसारखी मागे वळून आत ओरडशील, 'ताई आली!' तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघणार नाही, राग मानू नकोस. मी बघणार आहे ती तुझी मान. नुसती मान वळू दे, भिंगरी. पाय जागच्या जागी राहू देत.

तुझीच,
ताई